दोन जीपगाड्या आणि एक पंधरवडा

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं ते हौसेपोटी नव्हे. आदल्या वर्षी श्रावणात वहिनीला डोलीतून कर्जतला नेलं होतं. डोली म्हणजे बांबूला टांगलेली घोंगडी. चौघांनी खांदा दिला होता, बदलीची माणसं मागून चालत होती. ओढा ओलांडून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत बाळ पोटातच गेलं. चार दिवसांनी दवाखान्यातून ती रिकाम्या हातांनी परत आली, ओलं लुगडं बदललं आणि चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायला लागली. आमच्याकडे दुःख झालं की बायका भाकऱ्या थापतात आणि पुरुष गोठ्यात जातात.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, एकदा जेवताना ताट बाजूला सारून म्हणाला, "या वक्ताला डोली नाय. गाडी पायजे."

रस्ता रुंद करताना आमच्या शेताचा तुकडा गेला होता, त्याचे पैसे बाबा आणि काका या दोघांच्या नावावर पडून होते. काका बाबांचे थोरले भाऊ. एकाच अंगणात आमची दोन घरं, चुली वेगळ्या, शब्द मात्र एकाचाच, तो काकांचा. त्यांनी सुपारी कातरत होकार दिला, आणि गावात पहिल्यांदा कुणाच्या तरी दारात चारचाकी येणार हे पक्कं झालं. दादा तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात टेंपो चालवायचा. गाडी आली की नोकरी सोडून तो तिच्यावरच बसणार होता. कर्जत ते खोपोली सवाऱ्या मारायच्या, आणि घरात गरज पडली की गाडी दारात उभी.

बाबांबद्दल इथंच सांगते. बाबा शेतकऱ्यांच्या चळवळीतले. घरात देवघराला जेवढी जागा होती त्याच्या दुप्पट पत्रकांच्या गठ्ठ्यांना होती. गुलाबी, पिवळा, हलका कागद. हाताला शाई लागायची आणि तीच भातालाही लागायची. मी त्यांवरच अक्षरं शिकले. 'कावळा' लिहिता येण्याआधी मला 'कुळकायदा' लिहिता येत होता. पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा खेळ होता. मुहूर्त बघून पेरणी करणाऱ्यांवर बाबांनी लिहिलेलं एक पत्रक मला तोंडपाठ होतं. आभाळ भटजीला विचारून येत नाही, असं त्यात एक वाक्य होतं. ते मी कॉलेजात, बसस्टँडवर, जिथं जमेल तिथं म्हणून दाखवायचे. बापाचं वाक्य खरं असतं असं मानायचं ते वय होतं.

नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून जुनीच बघायची ठरली. दोन गाड्या समोर आल्या. एक छोटी पेट्रोल जीप, लष्कराच्या लिलावातून एका कंत्राटदारानं उचललेली. वर ताडपत्रीचं छप्पर, पुढंमागं चारही चाकांना जोर. दुसरी लांबडी डिझेल जीप, पत्र्याच्या छपराची, खालापूरकडच्या एका पोल्ट्रीवाल्याची. त्याचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला होता, त्याला स्वतःला चालवता येत नव्हती, म्हणून विकायला काढलेली. तिच्या सीटखालून पिसं निघायची.

गणपती यायच्या आधी एका रविवारी दोन्ही गाड्या आमच्या ओढ्यावर बोलावल्या. लांबडी आणायला दादा स्वतःच गेला होता. ओढ्याला पूल नव्हता. पलीकडे डांबरी रस्ता, अलीकडे गाव, आणि मध्ये पावसाळाभर पाणी. जी गाडी ओढा ओलांडत नाही ती आमच्या उपयोगाची नाही, एवढं एक सगळ्यांना मान्य होतं. बाकी प्रत्येकाची कसोटी वेगळी.

काकांना वऱ्हाड दिसत होतं. छोट्या जीपच्या मागच्या बाकड्यांवर ते बसले, उठले, पुन्हा बसले.

"यात माणसं किती? लग्नाला जाताना निम्मं वऱ्हाड वाटंवर उतरवायचं का?"

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "काका, लष्कराची गाडी हाय. डोंगर चढते."

"डोंगरावर काय हाय? माकडं. आमाला कर्जतला जायचंय."

आईनं लांबड्या गाडीच्या मागच्या पायरीकडे बघितलं आणि हात कमरेवर ठेवले. "ही पायरी का शिडी गं? लुगडं उचलायचं तरी कुटवर?"

बाबांनी पत्र्याच्या छपरावर थाप मारली. त्यांना त्यावर भोंगा बांधायचा होता. ताडपत्रीवर भोंगा राहत नाही, सभेची गाडी म्हणजे पत्र्याचीच, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. दादाचा जीव मात्र छोटीवर होता. तो तिच्या खाली आडवा होऊन स्प्रिंगचे पाटे हलवून बघत होता, वर येऊन गिअर टाकत होता, आणि लहान पोरासारखा हसत होता. "पेट्रोल पिते, ते खरं," तो म्हणाला, "पन चिखलात हिच्यासारखी हीच. ती डिझेलवाली सकाळी हीटर देऊन मिनिटभर आळोखेपिळोखे देते आन् मंग उठते."

मी सगळं ऐकत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "जिच्यासाठी गाडी घेताय तिला कोणी विचारलं का?"

वहिनी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. आठवा लागायला आला होता, पोट चांगलंच पुढे आलं होतं. तिनं मला डोळ्यांनी दटावलं, पण काका म्हणाले, "बरोबर हाय. ये गं सूनबाई." मग आईनं घरून गोधडी मागवली. ती छोट्या जीपच्या मागच्या बाजूला, दोन बाकड्यांच्या मधल्या जागेत अंथरली. वहिनी चढली आणि आडवी झाली. गुडघे वर आले. मागचं फळकूट लावायचं तर पाय पोटाशी घ्यावे लागत होते.

काठावरची एक बाई ओरडली, "सून गाडी घेते का पलंग गं?"

वहिनी आतून म्हणाली, "पलंगाला चाकं लागली तर तुजी सासू पन येल नाचत!"

काठावर हशा पिकला. काकाही हसले आणि मग सुनेसमोर हसल्याचं लक्षात येऊन खोकले.

लांबड्या जीपमध्ये गोधडी पुरी पसरली. वहिनी आडवी झाली, टाचा पुढे सरकवल्या, आणखी सरकवल्या. तिनं डोळे मिटले. मी बाजूला वाकून उभी होते. ती म्हणाली, "बाय, कोंबड्यांचा वास येतो गं. पन यात पाय लांब होतात."

दोन्ही गाड्या मग ओढ्यातून घातल्या. पाणी गुडघाभर होतं. छोटी घोड्यासारखी गेली. लांबडी धीम्या चालीनं, बोनेटपुढे पाणी ढकलत गेली, मध्ये एकदा अडखळली, दादानं आतून पायाचा जोर काढला नाही, आणि ती पलीकडच्या चढाला लागली. गावानं टाळ्या वाजवल्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. गुडघाभर पाण्यातून दोन्ही गाड्या पार झालेल्या आमच्या सगळ्या गावानं पाहिल्या होत्या.

तरी निकाल लागेना. काका लांबडी म्हणत, दादा छोटी. गणपती बसले, आरतीनंतर गाड्यांची चर्चा. गौरी आल्या, जेवणावर गाड्यांची चर्चा. कुणाच्या मेव्हण्याकडे तसली छोटी जीप होती तिचे सुटे भाग मिळत नाहीत, कुणाच्या साडूची डिझेल गाडी थंडीत ढकलावी लागते. इतकं तर्कशुद्ध बोलणं मी त्याआधी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. एकेका मुद्द्याला पुरावा मागितला जात होता. मला त्याचा अभिमान वाटत होता. शेवटी दादाच नमला. वहिनीनं त्याला काहीतरी सांगितलं असावं. अनंत चतुर्दशी झाली आणि तो काकांना म्हणाला, "लांबडीच घेऊ. तिला आडवं व्हता येतंय."

आम्ही पोल्ट्रीवाल्याकडे गेलो तो दिवस पितृपक्षातला पहिला. काका, बाबा, दादा आणि गाडीची कागदपत्रं वाचायला मी. व्यवहार ठरला, इसार दिला. पोल्ट्रीवाल्यानं चहा दिला, किल्ली दादाच्या पुढे धरली आणि म्हणाला, "न्या आजच. माझ्याकडे उभी राहून गंजण्यापरीस तुमच्या दारात बरी."

दादानं हात पुढे करून ती मुठीत घेतली. काका म्हणाले, "पितृपक्ष लागला ना. दसऱ्याला येतो."

"अहो, घरात सून गरोदर आहे म्हणता. नेऊन ठेवा, पूजा मागाहून करा."

"आणली म्हंजी आणलीच. पितरांच्या दिवसांत नवं काय दारात आणायचं नसतं."

मी म्हणाले, "काका, गाडी तर जुनीच आहे. तिनं आजवर किती पितृपक्ष बघितले असतील."

"त्यांच्या दारात बघितलं असतील," काका शांतपणे म्हणाले. "आपल्या दारात ती नवीच."

मी बाबांकडे बघितलं. आभाळाबद्दलचं ते वाक्य लिहिणाऱ्या माणसाकडे. ते बशीतला चहा फुंकत होते. मी म्हणाले, "बाबा, बोला ना." ते म्हणाले, "हा पंधरवडा आणि वर नवरात्राचे नऊ दिवस, एवढाच तर प्रश्न आहे. नर्सबाईंनी दसऱ्यानंतरचे दिवस सांगितलेत. एवढ्यासाठी घरात भांडण नको." आणि परतताना, काका पुढे गेल्यावर, मला समजावत म्हणाले, "लोकांना दुखवून लोकांचं काम होत नाही. हे तुला अजून कळायचंय."

दादानं किल्ली परत दिली. बोटं उघडायला त्याला वेळ लागला.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच होती. तिनं आमच्या मागे रस्त्याकडे बघितलं.

"नाय आणली?"

"दसऱ्याला म्हणे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "पितर रागावतील म्हणे."

"ऱ्हाऊ दे गं. दसऱ्याला हार घालून आणू." मग जरा थांबून ती म्हणाली, "तवर मी काय कुटं जात नाय."

पक्षातल्या सप्तमीला पहाटेच तिच्या पोटात दुखायला लागलं. दादा त्याआधीच कामावर गेला होता. सुईण आली, तिनं हात लावून बघितलं आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली की मूल आडवं हाय, हे माज्या हातचं नाय. ओढ्याला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. मी स्वतः जाऊन बघून आले होते.

काकांनी एका माणसाला सायकलवर खोपोलीला पाठवलं. दादाला गाठ, दोघं मिळून पोल्ट्रीवर जा, गाडी घेऊन या. पितृपक्ष आहे हे तेव्हा कोणी बोललं नाही. मी म्हणाले, डोली काढा, गाडी येईल तेव्हा येईल. मागल्या वर्षी सूर्य कासराभर वर येईतो डोली ओढ्यापलीकडे गेली होती. काका म्हणाले, "घरात गाडी घेतलेय आन् सुनेला डोलीत घालू? धक्क्यांनी आणखी काय व्हईल. येतोय पोरगा." बाबांनी होकाराची मान डोलावली. यंदा गाडी होती म्हणून डोली निघाली नाही, आणि ती गाडी दुसऱ्याच्या आवारात उभी होती.

दादा टेंपो घेऊन पनवेलला गेलेला. सायकलवाला कारखान्याच्या फाटकाशी बसून राहिला. इकडे बाराच्या सुमारास आभाळ फुटलं. परतीचा पाऊस आमच्याकडे डोंगरावरून उतरतो तेव्हा ओढा भरायला वेळ लागत नाही. वहिनी आधी ओरडत होती, नंतर नुसती कण्हत होती, मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाय, हॉर्न वाजला का?" वाजला नव्हता. तिनं आणखी एकदा विचारलं. तेव्हाही वाजला नव्हता.

दुपार कलल्यावर पलीकडच्या काठावरून हॉर्न आला. लांब, न थांबणारा. आम्ही तिला घोंगडीत घालून ओढ्यावर नेलं. पाणी छातीपर्यंत चढलं होतं, लाल, फांद्या वाहून आणणारं. दादानं गाडी पाण्यात घातली होती. इंजिन बंद पडलं होतं आणि माणसांनी ती ढकलून मागे चढावर घेतली होती. तो पाण्यातून अलीकडे आला. गावातले पुरुष दोरी धरून पाण्यात उतरले आणि वहिनीला डोक्यावर उचलून पलीकडे नेलं. बाबाही पाण्यात उतरले होते. त्यांचा चष्मा वाहून गेला.

इंजिन सुकवून चालू करायला वेळ गेला. मग ती गाडीत आडवी झाली. तिचे पाय पुरते लांब झाले. डोकं माझ्या मांडीवर होतं. कोंबड्यांचा वास येत होता आणि रक्ताचा. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी धावपळ केली, त्यांच्याकडे बोट दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मूल आधीच गेलं होतं. ती दिवेलागणीला गेली. दादा बाहेर गाडीचं बोनेट उघडून उभा होता आणि आतली प्रत्येक वायर फडक्यानं पुसत होता.

दहाव्याला, तेराव्याला, आमच्या ओटीवर माणसं बसायची. आणि काय बोलायची? "ती पेट्रोलवाली असती तर पाण्यातून आली असती." "नसती. छातीभर पाण्यात कोन येतं?" "लष्कराची व्हती ती." "सायलेन्सरात पानी गेलं की लष्कर काय आन् पोल्ट्री काय." पुन्हा तीच तुलना, त्याच पुराव्यांसह. मी आतून ऐकायचे. सगळे मिळून गाड्यांबद्दल बोलत होते, कारण गाड्यांबद्दल बोलता येत होतं. सकाळी ओढ्यात गुडघाभर पाणी होतं आणि त्यातून दोन्ही गाड्या जातात हे त्यांनी टाळ्या वाजवून पाहिलं होतं. गाडी दारात असती तर दादा नोकरी सोडून घरी असता. यापलीकडे तुलना करण्यासारखं काहीही नव्हतं. पण पितृपक्ष हा शब्द ओटीवर एकदाही उच्चारला गेला नाही.

महिन्याभरानं बाबांनी मला बोलावलं. नवा चष्मा अजून त्यांच्या नाकावर बसला नव्हता. ओढ्यावर पूल हवा, मोर्चा काढायचा, पत्रक तू लिही, असं म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच मला पत्रक लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं. पुलाबद्दल लिहिलं, आरोग्य केंद्राबद्दल लिहिलं, आणि शेवटी एक परिच्छेद लिहिला की या गावातली एक बाई पुलाअभावी मेली तशीच पितृपक्षामुळे मेली, गाडी विकत घेऊन ती न आणणाऱ्यांमुळे मेली.

बाबांनी वाचलं. शेवटच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी गेली.

"हे घरातलं आहे," ते म्हणाले.

"पत्रकं काय दुसऱ्यांच्या घरांसाठीच असतात?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला त्यांनी एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मारलं असतं तर ते चूक ठरले असते आणि मी बरोबर, आणि प्रश्न मिटला असता. ते नुसते बसून राहिले आणि म्हाताऱ्यासारखे दिसले. पत्रक गुलाबी कागदावर छापून आलं. त्याच्या घड्या मी घातल्या नाहीत. पूल अजून व्हायचा आहे.

दसऱ्याला गाडी दारात आली नव्हती. ती त्याआधीच आली होती, चिखलानं भरलेली. हार घातला नाही. दादानं नोकरी सोडली आणि सवाऱ्या मारायला लागला. मागच्या बाकांवर बायका बसतात, भाजीच्या पाट्या असतात, कॉलेजची मुलं लोंबकळतात. मी त्या गाडीत बसत नाही. चालत स्टेशनला जाते. दादा वाटेत दिसला तर गाडी हळू करतो, माझ्याकडे बघतो, आणि पुढे जातो.

आमच्यात नवरा मागे असताना जी बाई मरते तिचं श्राद्ध तिच्या तिथीला करत नाहीत. पितृपक्षातल्या नवमीला करतात. अविधवा नवमी. म्हणजे वहिनी आता दरवर्षी त्याच पंधरवड्यात येणार, ज्यात तिच्यासाठी गाडी येऊ शकली नाही.

परवा तिची पहिली नवमी झाली. सकाळी अंगणात काका दादाला म्हणाले, "गाडी काढ रं. केळीची पानं आणायचीत, भटजींना बी आणायचंय."

दादा खुंटीवरची किल्ली काढता काढता थांबला. "पितृपक्ष हाय ना, काका."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. आई चुलीपाशी, बाबा ओटीवर, मी दारात. सगळ्यांना ऐकू आलं.

काका खाली बघत म्हणाले, "तो नव्या गाडीला. आता जुनी झाली ती."

दादानं किल्ली पुन्हा खुंटीला लावली. भिंतीला टेकवलेली सायकल काढली, पानं बांधायला दोरी घेतली आणि ओढ्याकडे निघाला. पाणी गुडघाभर होतं. मध्यावर जाऊन त्यानं सायकल खांद्यावर घेतली.